इस्त्री नको, पाटा ठेवा



आमच्या घरी सध्या जेवणाच्या टेबलावर जेवता येत नाही. अर्ध्या टेबलावर प्लायवुडच्या दोन फळ्या आहेत, त्या फळ्यांमध्ये टीपकागद, टीपकागदांमध्ये चांदोबा, आणि सगळ्यांच्या वर माझ्या सासूबाईंचा दगडी पाटा. घरात मिक्सर आल्यापासून हा पाटा बाल्कनीत कुंडीखाली पडून होता. त्याला इतक्या वर्षांनी काम मिळाले. सून विचारत होती, "आई, पाहुणे आले तर काय सांगू?" म्हटले, सांग की चांदोबा झोपला आहे, हळू बोला.

हा उद्योग कसा सुरू झाला ते आधी सांगते आणि मग माझे मत. मत जरा कडक आहे, आणि ते माझ्या भाच्याच्या विरोधात आहे. तो हे पान वाचतो. तेव्हा बाळा, रागावू नकोस, पूर्ण वाच.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदी रस्त्यावर आली. आम्ही इकडे बेशाला, दुसऱ्या मजल्यावर. आमच्याकडे फक्त वीज गेली होती. पण माझ्या धाकट्या भावाचे घर अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. भाऊ त्याच्या चार वर्षे आधीच गेला होता. भावजय एकटी होती, शेजाऱ्यांनी तिला वर नेले म्हणून बरे. पाणी कमरेइतके आले होते. दिवाणाखाली भावाची पत्र्याची पेटी होती. पत्र्याची पेटी म्हणजे सुरक्षित असे आपल्याला उगाच वाटते. तिच्या बिजागरीतून पाणी आत गेले, आणि मग ती पेटी म्हणजे हौदच झाली.

पेटीत काय होते? चांदोबाचे अंक, इंद्रजाल कॉमिक्स, किशोरचे काही दिवाळी अंक, अमर चित्रकथा. सगळे मिळून एकशे चाळीसच्या आसपास. आमचे बालपण उमरेडचे. चांदोबा मराठीत 1952 पासून निघू लागला, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान! मी तो शब्द वाचण्यासाठी घ्यायची आणि भाऊ चित्रांसाठी. विक्रम-वेताळाचे ते प्रसिद्ध चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, ज्यांनी काढले ते शंकर नावाचे चित्रकार 2020 साली गेले. मद्रासकडचा माणूस, पण उमरेडच्या ओसरीत बसलेल्या आम्हा पोरांना तो आपलाच वाटत असे. पुढे इंद्रजाल आले. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ते 1964 च्या मार्चमध्ये सुरू केले. आमच्या घरात मग दोन वेताळ झाले, एक झाडावर लटकणारा आणि एक मुखवटा घालून घोड्यावर बसणारा. आजी दोघांत कायम गोंधळ करायची.

भाऊ बारा वर्षांचा असताना, 1968 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्याने ओसरीत वाचनालय काढले. भाडे दोन पैसे रोज. बटाटा कोरून त्याने शिक्का केला, 'बा. वा.', म्हणजे बाल वाचनालय. पण अक्षरे उलटी कोरायची असतात हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्यामुळे पहिल्या पंधरा-वीस अंकांवर जांभळ्या शाईत 'बा. वा.' आरशातल्यासारखे उमटले आहे. नंतर त्याने दुसरा बटाटा घेतला. प्रत्येक अंकावर शाईच्या पेनाने क्रमांक, आणि आत शेवटच्या पानावर कोणी कधी नेला त्याची नोंद. ही सगळी पेटी तो उमरेडहून नागपूरला, एका भाड्याच्या घरातून दुसऱ्यात अशी फिरवत राहिला. नोकरी लागल्यावरही सीताबर्डीच्या फुटपाथवरून 'बहादूर'चे अंक आणायचा. बायको हसायची, हा तिला वाचून दाखवायचा.

तर पूर ओसरल्यावर भावजयीने कोणीही केले असते तेच केले. गच्चीवर दोरी बांधून कॉमिक्स उन्हात वाळत घातले. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा त्यांच्या लाटा झाल्या होत्या. काही अंक तर तळलेल्या पापडासारखे वाकले होते.

पापडाची उपमा मुद्दाम देते. आमची आई पापड लाटले की सरळ कडक उन्हात घालू देत नसे. आधी घरात, सावलीत, सुती लुगड्यावर. का, तर ऊन वरून एका बाजूला एकदम सुकवते, खालची बाजू ओलीच राहते, आणि पापड वाकडा होतो. कागदाचेही अगदी तेच. कागद म्हणजे तंतूंची गुंफण. ओल मिळाली की तंतू फुगतात, आणि लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात. यंत्रावर कागद तयार होताना बहुतेक तंतू एकाच दिशेने झोपतात, म्हणून पान आडवे जितके ताणते तितके उभे ताणत नाही. त्यातून कॉमिक्समध्ये मुखपृष्ठ गुळगुळीत कागदाचे, आतली पाने साध्या वर्तमानपत्री कागदाची, आणि मधे दोन लोखंडी पिना. प्रत्येकजण आपापल्या मापाने फुगतो आणि आपापल्या वेगाने आकसतो. एकत्र कुटुंबच म्हणा ना! मग लाटा येणारच.

आणि पूरच यायला हवा असे नाही. आपल्या नागपुरात कागदाचे हाल दरवर्षी होतात. मी हवेतला ओलावा दाखवणारे एक छोटे यंत्र आणून कपाटावर ठेवले आहे. मे महिन्यात दुपारी ते 18-20 टक्के दाखवते. संध्याकाळी कूलर लावला, वाळ्याच्या ताट्या भिजल्या, की तासाभरात 60 च्या पुढे. रात्री पंप बंद, पुन्हा खाली. ऑगस्टमध्ये तर दिवसचे दिवस 80-85. माणूस सहन करतो, कारण त्याला घाम येतो. कागद बिचारा वाकतो. तुमच्याकडे जुने अंक, पत्रिका, वडिलांची पत्रे असतील तर एवढे करा, ती कूलरच्या झोताच्या खोलीत ठेवू नका. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटातही नको, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते.

मी तीन पिशव्या भरून बेशाला आणल्या आणि पहिल्याच दिवशी मूर्खपणा केला. इस्त्री तापवली. शाळेत पस्तीस वर्षे गणवेश, झेंडा, स्नेहसंमेलनाचे पडदे, सगळे इस्त्रीने सरळ केलेले. वाटले, कागद तर काय! 'बहादूर'च्या एका अंकावर पातळ कापड ठेवून फिरवली. मुखपृष्ठाचा लाल रंग कापडाला लागला, गुळगुळीत थर कापडासह निघाला, आणि आतली पाने तपकिरी होऊन कडा तुटू लागल्या. गोविंद ब्राह्मणिया यांनी काढलेले बहादूरचे तोंड माझ्या जुन्या ओढणीवर आले आहे. ती ओढणी मी टाकलेली नाही, ठेवली आहे. आठवण म्हणून म्हणा किंवा शिक्षा म्हणून.

हा कागद स्वस्त, लाकडाचा लगदा दळून केलेला. त्यातले लिग्निन हवेने, उजेडाने पिवळे पडते आणि कागदात आम्ल वाढत जाते. पन्नास-साठ वर्षांनी तो तसाही म्हातारा झालेला असतो, त्यावर इस्त्रीची आच म्हणजे म्हाताऱ्याला ज्येष्ठाच्या उन्हात पळायला लावणे. मी स्वतः चौऱ्याहत्तरची आहे, मला हे कळायला हवे होते.

मग वाचायला बसले. आंतरजालावर पुष्कळ आहे, त्यातले निम्मे विसंगत आहे. एक गोष्ट मात्र सगळे शहाणे लोक सांगतात. 4 नोव्हेंबर 1966 ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला आणि लाखो पुस्तके चिखलात गेली. जगभरातून तरुण पोरे आली, साखळी करून पुस्तके बाहेर काढली. वाळवायला जागा पुरेना म्हणून तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांतही पुस्तके वाळवली. कागद वाचवण्याचे आजचे शास्त्र बरेचसे त्या चिखलातून शिकलेले आहे. पुढे असे ठरत गेले की एकदम सगळे वाळवणे शक्य नसेल तर ओली पुस्तके गोठवून ठेवावीत, म्हणजे बुरशी थांबते आणि आपल्याला वेळ मिळतो. हे वाचून मी उरलेले ओले अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये टाकले. सुनेचे मटार आणि माझा जादूगार मांड्रेक तीन आठवडे शेजारी राहिले. तिने एक शब्द काढला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

आता मी काय करते ते सांगते. कोणाला उपयोग होईल.

आधी हातमोजे आणि तोंडाला कापड. पुराचे पाणी म्हणजे गटाराचेच पाणी. बुरशी दिसली तर अंक पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि बाहेर गच्चीवर मऊ ब्रशने झाडायचा. ओल्या बुरशीला पुसायला गेलात की ती पसरते. मग गंजलेल्या पिना काढायच्या. ओढायच्या नाहीत, मागून बोथट सुरीने उघडायच्या. नंतर शाईची परीक्षा. कापसाचे टोक ओले करून अक्षराच्या एका कडेला हळूच टेकवायचे. छापील शाई बहुधा टिकते, पण पेनची शाई आणि शिक्क्याची शाई विरघळते. भावाचा जांभळा 'बा. वा.' कापसावर आलाच, म्हणून ते अंक वेगळे काढले आणि त्यांना फार कमी ओल दिली.

कोरड्या वाकड्या कागदावर सरळ वजन ठेवणे ही सगळ्यांत मोठी चूक. तो सपाट होत नाही, घडीवर तुटतो. आधी त्याला सैल करावे लागते. माझ्याकडे गहू ठेवायचा मोठा झाकणाचा डबा आहे. तळाशी ओला पिळलेला टॉवेल, त्यावर भाजी धुवायची जाळी उपडी, जाळीवर अंक. पाणी कागदाला लागता कामा नये, फक्त दमटपणा लागावा. झाकणाच्या आतून कोरडे फडके बांधायचे, नाहीतर थेंब पडतात. तीन-चार तासांत पान थंड आणि मऊ होते, ताज्या पोळीसारखे. रात्रभर ठेवायचे नाही, झोप लागली की बुरशी जागी होते. मग मधल्या पानापासून हाताने लाटा बाहेरच्या बाजूला सारत जायचे, प्रत्येक दोन-चार पानांत टीपकागद घालायचा, दोन फळ्यांत ठेवायचे आणि वर पाटा. पहिल्या दिवशी टीपकागद दोन-तीनदा बदलायचे, नंतर रोज एकदा. आठ ते दहा दिवस. घाई केली आणि थोडी ओल राहिली असताना बाहेर काढले, तर दोन तासांत लाटा परत.

टीपकागद आता मिळत नाही हो! सीताबर्डीत चार दुकानांत विचारले, तिथल्या पोरांना तो शब्दच माहीत नव्हता. पाचव्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी माळ्यावरून गठ्ठा काढून दिला आणि पैसे घ्यायला लाजले. टीपकागद नसेल तर धुतलेले, खळ न घातलेले जुने सुती धोतर चालते. छापील वर्तमानपत्र मात्र अजिबात नको, त्याची शाई तुमच्या अंकावर येईल.

गुळगुळीत कागदाचे ओले अंक एकमेकांना चिकटून वाळले की संपले. ते ओले असतानाच सुटे करावे लागतात. किशोरच्या दोन दिवाळी अंकांची मी वीट करून बसले आहे. दुःख कमी इतकेच की किशोरचे 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने आंतरजालावर वाचायला ठेवले आहेत.

हे सगळे करताना मला वारंवार वाटत होते की आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. पोथीच्या खालीवर लाकडी फळ्या, त्यावर घट्ट दोरी, आणि वरून कापडाचे बासन. फळ्या का? तर पाने वाकू नयेत. पेशव्यांच्या दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले, अजूनही पुण्याला ते गठ्ठे 'रुमाल' म्हणूनच मोजतात. आम्ही फळ्या टाकल्या आणि पोथ्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, वर चिकटपट्टी लावली. ती पारदर्शक चिकटपट्टी तर कागदाची वैरीण आहे. दहा-पंधरा वर्षांत पट्टी गळते आणि तिचा गोंद पिवळा डाग होऊन कागदात कायमचा मुरतो. शाळेच्या वाचनालयात मी स्वतः शेकडो पुस्तकांना ती लावली, 'व्यवस्थित ठेवतात बाई' म्हणून शाबासकीही घेतली. लॅमिनेशनचेही तेच. जे लावले ते उद्या काढता आले पाहिजे, एवढी एकच कसोटी धरली तरी निम्मे गुन्हे टळतील. फाटलेल्या पानाला मैद्याची पातळ खळ आणि पातळ, मजबूत तंतूंचा कागद पुरे. खळ पाण्याने सुटते.

आता भाच्याची गोष्ट.

तो पुण्याला असतो. पुराच्या वेळी म्हणाला होता, "आत्या, रद्दी आहे ती, फेकून दे, इन्फेक्शन होईल." काळजीने म्हणाला, मला मान्य आहे. या वर्षी त्याला कोणीतरी सांगितले की मराठी इंद्रजालच्या चांगल्या प्रतींना हौशी लोक चांगले पैसे देतात. इंद्रजाल 1990 ला बंद पडले, आठशेच्या वर अंक निघाले होते, आणि मराठी प्रती फार थोड्या घरांत उरल्या. मग त्याचा फोन आला. "आत्या, तू सरळ केलेले अंक दे, विकू. आईच्या घराची फरशी अजून नीट व्हायची आहे." त्याने तीन गोष्टी सुचवल्या. टी-शर्टवर फोटो छापणाऱ्यांकडे गरम दाबयंत्र असते, उरलेले अंक तिथे एका मिनिटात सपाट होतील. ते उलटे शिक्के आणि नावे रसायनाने घालवता येतील. आणि पुराचे कोणाला सांगायचे नाही.

पैशाला माझा विरोध नाही. भावजयीची फरशी खरीच उखडली आहे. कागदावर जीव टाकणारी मी माणसावर आधी टाकते. अंक त्यांच्या घरचे आहेत, त्यांनी ते खुशाल विकावेत.

दाबयंत्राबद्दल माझे उत्तर त्या ओढणीवर आहे, ये आणि बघ. तो म्हणतो, अमेरिकेत सगळे दाबूनच विकतात. खरे आहे. तिथे सीजीसी नावाची कंपनी 2000 सालापासून कॉमिक्सना दहापैकी गुण देते. मास्तरकी, दुसरे काय! तिच्या हिशेबात अंक दाबून सपाट करणे ही दुरुस्ती धरली जात नाही, रंग भरणे किंवा तुकडा जोडणे धरली जाते. यावरून तिथल्या संग्राहकांत वर्षानुवर्षे भांडण चालू आहे. दाबलेला अंक दाबला म्हणून सांगावा की नाही? मला विचाराल तर सांगावा. आणि आपला अंक नुसता दाबलेला नाही, नाग नदीच्या पाण्यातून आलेला आहे. पुरात भिजलेल्या कागदात काय राहिले असेल हे मला पूर्ण कळत नाही, मग घेणाऱ्याला कसे कळणार? तो चार वर्षांनी पावसाळ्यात कपाट उघडेल आणि बुरशीचा वास येईल. त्याने आपल्या चांगल्या अंकांशेजारी हे ठेवले असतील तर तेही जातील. किंमत निम्मी आली तरी चालेल.

आणि शिक्के. सपाट करायचे ते पान उलटता यावे म्हणून. नवे दिसावे म्हणून करायला लागलो की मग थांबायचे कुठे? आज शिक्का, उद्या शेवटच्या पानावरची नोंद. त्या नोंदीत 1968 च्या मे महिन्यात कोणी 'वेताळ' नेला आणि अकरा दिवस परत केला नाही हे आहे. खाली भावाच्या अक्षरात 'दंड – 1 बोर' असे लिहिले आहे. ते ज्याला नको असेल त्याने दुसऱ्याकडून कोरा अंक घ्यावा. आणि ब्लीचसारखी रसायने जांभळी शाई खातात तशीच कागदाचे तंतूही खातात, म्हणजे भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी माझेच म्हणणे बरोबर निघते. (सवय जात नाही बघा, वादात शेवटचा शब्द माझाच.)

भावजयीला मी हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ताई, उलटे शिक्के असलेले तेवढे ठेवू आपल्याकडे. बाकीचे जाऊ द्या." अठरा निघाले. त्यातले दोन माझ्या इस्त्रीआधीच गेलेले होते, म्हणून सोळा. बाकीच्यांच्या मागच्या आतल्या पानावर मी पेन्सिलने, मऊ शिसाने, बारीक लिहिते आहे, 'सप्टें. 2023, पुरात भिजले. घरी सपाट केले. पिना काढून दोऱ्याने शिवले.' पेन्सिल पाण्याने जात नाही, आणि घेणाऱ्याला नको असेल तर खोडता येते.

भाचा दिवाळीला येणार आहे. अजून अकरा अंक पाट्याखाली आहेत, आणि टीपकागद बदलायची वेळ झाली आहे. बाकी कुशल.